आय७ की ४०६०? एक लाखाच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये पैसे कुठे लावायचे

मुलुंडच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "दादा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज माटुंग्याला. बजेट एक लाखाच्या आसपास. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात फिरून तीन पर्याय काढलेत. पहिला, आय७ १३६५०एचएक्स आणि आरटीएक्स ४०५०. दुसरा, आय५ १३४५०एचएक्स आणि आरटीएक्स ४०६०, किंमत जवळजवळ तेवढीच. तिसरा, रायझन ७ ७४३५एचएस आणि आरटीएक्स ४०५०, हा बराच स्वस्त. तिन्हीत रॅम १६ जीबी डीडीआर५. दुकानदार म्हणतो आय७च घे, पाच वर्षं बघायला नको, आणि रॅमही आत्ताच ३२ करून टाक. व्हॅलोरंट, जीटीए आणि सायबरपंक खेळतो. कोडिंग रोजचं, व्हिडिओ एडिटिंग अधूनमधून. काय करू?"

दुसरा घे. आय५ प्रोसेसर आणि ४०६० ग्राफिक्स कार्ड. रॅमचं मात्र लगेच ठरवू नकोस. ती १६ जीबी एका स्टिकमध्ये, म्हणजे रॅमच्या एका पट्टीत, आहे की दोन, आणि दुसरा स्लॉट मोकळा आहे का, एवढं आधी दुकानदाराकडून काढून घे. रॅमचं उत्तर त्यावर बदलतं.

आधी प्रोसेसर. आय७ म्हटलं की घरचेही खूश आणि दुकानदाराचंही काम सोपं. पण तुझ्या यादीतले दोन्ही इंटेल शेजारी ठेवून बघ. १३६५०एचएक्समध्ये ६ मोठे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, आणि ८ छोटे. १३४५०एचएक्समध्ये ६ मोठे आणि ४ छोटे. गेमचं मुख्य काम ज्यांच्यावर चालतं ते मोठे कोअर दोन्हीत सहाच, आणि एकाच घडणीचे. वरचा वेग ४.९ गिगाहर्ट्झ आणि ४.६, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) २४ एमबी आणि २०. बस, इतकाच फरक. जास्तीचे चार छोटे कोअर व्हिडिओ रेंडर करताना किंवा मोठा प्रोजेक्ट कंपाइल करताना कामाला येतील, थोडा वेळ वाचेल. गेममध्ये ते बहुतेक वेळ बसूनच असतात.

आता तीच तुलना ग्राफिक्सची कर. लॅपटॉपमधल्या ४०५० मध्ये २५६० कूडा कोअर (कार्डातले काम करणारे छोटे भाग) आणि ६ जीबी मेमरी, ४०६० मध्ये ३०७२ कोअर आणि ८ जीबी. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग एकीकडे सेकंदाला १९२ जीबी, दुसरीकडे २५६. हे अंतर सायबरपंकमध्ये पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. ते दोन जीबी जास्तीचे तर पुढची दोन-तीन वर्षं दिसत राहतील, कारण नवे गेम टेक्श्चरसाठी, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांसाठी, ६ जीबी सहज भरून टाकतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. आजच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही बोर्डाला सोल्डर केलेले असतात. "पुढे बदलून घेऊ" हा प्रकारच नाही. बोर्डच बदलावा लागतो, आणि वॉरंटी संपल्यावर त्याचा खर्च ऐकून लोक नवीन लॅपटॉप घेतात. नंतर हात घालता येतो तो रॅम, एसएसडी आणि फार तर वायफाय कार्डात. त्यामुळे हातातला पैसा आधी कायमच्या गोष्टींत घालायचा, आणि त्या दोघांतही गेमला जिची जास्त गरज आहे तिच्यात.

गेमला कशाची जास्त गरज, हे कसं ओळखायचं? १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या, स्क्रीनला एका फ्रेमसाठी (एका चित्रासाठी) साधारण ६.९ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोसेसरला गेमचं जग पुढे सरकवायचं असतं: कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, काय काय काढायचं आहे. आणि ग्राफिक्स कार्डला ते चित्र काढायचं असतं. दोघांपैकी जो उशीर करेल त्याच्यावर तुझा एफपीएस, म्हणजे सेकंदाला मिळणारे फ्रेम, ठरतो. व्हॅलोरंटमध्ये चित्र हलकं असतं, तिथे प्रोसेसर आधी थकतो. पण तुझ्या यादीतला हा आय५ तिथे १४४ च्या वर आरामात राहतो, आणि स्क्रीन जर १४४ चीच असेल तर आय७ ने वर दिलेले फ्रेम तुला दिसणारही नाहीत. सायबरपंकमध्ये उलट. सगळं हायवर ठेवलंस की कार्ड घाम गाळत असतं आणि प्रोसेसर त्याची वाट बघत असतो. म्हणजे तुझ्या एका गेममध्ये दोन्ही प्रोसेसर पुरून उरतात, दुसऱ्यात दोन्ही रिकामे थांबतात.

मित्राच्या लॅपटॉपवर हे स्वतः करून बघ. गेममध्ये एक ठराविक जागा पकड, एफपीएस बघ, मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आण. एफपीएस चांगला उडी मारून वर गेला तर कार्ड कमी पडत होतं. तिथल्या तिथेच राहिला तर प्रोसेसर. यूट्यूबवरच्या पन्नास तुलनांपेक्षा हे पाच मिनिटांचं काम जास्त सांगून जातं.

मोठा प्रोसेसर कुणी घ्यावा? फ्लाइट सिम्युलेटर किंवा शहर उभारण्याचे गेम खेळणाऱ्याने, कारण तिथे हिशोबच प्रचंड असतो. २४० हर्ट्झच्या स्क्रीनवर स्पर्धेसाठी खेळणाऱ्याने. आणि कार्डच ५०७० टीआय किंवा त्याच्या वरचं घेणाऱ्याने, कारण तिथे सहा कोअरचा आय५ त्या कार्डाला पुरेसं काम देऊ शकत नाही. तिथे मी १४६५०एचएक्स सुचवतो. त्यात मोठे कोअर खरोखर आठ आहेत आणि कॅश ३० एमबी. रे ट्रेसिंग (प्रकाशाचा खराखुरा हिशोब) चालू केलं की प्रोसेसरवरही भार वाढतो, हेही लक्षात असू दे. पण ४०६० वर तू रे ट्रेसिंग फार वेळ चालू ठेवशील असं मला वाटत नाही.

आता मुंबईचा मुद्दा, जो परदेशी रिव्ह्यूमध्ये कधीच नसतो. ते लोक लॅपटॉप तपासतात बावीस-तेवीस डिग्रीच्या खोलीत. तू मे महिन्यात मुलुंडला एसी नसलेल्या खोलीत बसलास तर पंख्यात शिरणारी हवाच तेहतीस-चौतीसची असते. आत जाणारी हवा दहा डिग्रीने गरम, तर आतलं तापमानही जवळपास तेवढंच वर. या इंटेलना १०० डिग्रीला स्वतःचा वेग आवरावाच लागतो. १३६५०एचएक्सची मूळ रेटिंग ५५ वॅट आहे, पण जोर लावला की इंटेलच्याच कागदानुसार तो १५७ वॅटपर्यंत ओढू शकतो. लॅपटॉपच्या त्या पातळ पेटीत एवढी उष्णता जास्त वेळ बाहेर काढणं जमत नाही.

आणि यातला खरा घोळ पुढे आहे. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड एकाच हीटपाइपवर (उष्णता वाहून नेणाऱ्या नळीवर) असतात आणि वीजही वाटून घेतात. एनव्हिडियाची डायनॅमिक बूस्ट नावाची सोय प्रोसेसरची उरलेली वीज कार्डाकडे वळवते. ४०६० ला ११५ वॅट मूळ आणि वरून २५, असे जास्तीत जास्त १४० मिळू शकतात. प्रोसेसर हावरटासारखा वीज खात राहिला आणि पेटी तापवत राहिला, तर कार्डाच्या वाट्याला कमी येतं. म्हणून स्वस्त पातळ बॉडीतला आय७ कधीकधी जाड बॉडीतल्या आय५ पेक्षा कमी एफपीएस देतो. गिऱ्हाइकांना हे पटत नाही, पण दुकानात दोन मशीन शेजारी लावून दाखवलं की पटतं.

तेव्हा दुकानात "४०६० आहे ना" एवढ्यावर थांबू नकोस, "किती वॅटची" हे विचार. एनव्हिडियाने ही चिप ३५ वॅटपासूनच्या मशीनमध्ये घालायची मुभा दिली आहे. स्टिकर तोच, नाव तेच, आतली ताकद बरीच वेगळी. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये गेलास की जास्तीत जास्त ग्राफिक्स पॉवर लिहिलेली दिसते. डेमो पीस चालू करून तिथेच बघ. शंभरच्या आत असेल तर माझ्या मते ते मशीन सोडून दे.

उन्हाळ्यासाठी एक फुकटचा उपाय सांगून ठेवतो. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांऐवजी ९९ केली की इंटेलचा टर्बो, म्हणजे वेग तात्पुरता वाढवायची सोय, बंद पडतो. सायबरपंकसारख्या गेममध्ये एफपीएस फारसा हलत नाही, तापमान मात्र बरंच खाली येतं आणि पंख्याचा आवाज घरच्यांना सहन होईल इतका होतो. व्हॅलोरंट खेळताना ते परत १०० कर.

नावांच्या सापळ्याबद्दलही सांगायला हवं, कारण तुझा तिसरा पर्याय त्यातलाच. एएमडीच्या ७००० मालिकेत पहिला आकडा बाजारात आल्याचं वर्ष सांगतो, आतली घडण तिसरा आकडा सांगतो. ७८४०एचएस मध्ये तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४ ही घडण. ७७३५एचएस आणि ७४३५एचएस मध्ये तो ३, म्हणजे आधीच्या पिढीची झेन ३ प्लस. इंटेलही कमी नाही. कोअर ५ २१०एच हे नाव २०२५ चं, पण आत १३ व्या पिढीतलीच घडण: ४ मोठे कोअर, ४ छोटे, १२ एमबी कॅश, म्हणजे १३४२०एचचाच थोडा जास्त वेगाचा भाऊ. जुनी घडण म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही, किंमत त्या मानाने हवी इतकंच. आणि खोक्यावरचा "७" किंवा "९" बघून कधीच ठरवू नये, कोअर मोजावेत.

७४३५एचएस मध्ये आठ कोअर आहेत आणि गेमसाठी तो ठीक आहे. पण त्यात अंगभूत, म्हणजे प्रोसेसरमधलेच, ग्राफिक्स नाहीत. म्हणजे तू नोट्स वाचत असलास, कोड लिहीत असलास, तरी स्क्रीन एनव्हिडियाचं कार्डच चालवतं, ते कधी झोपत नाही. घरी टेबलावर कायम चार्जर लावून ठेवणार असशील तर बिनधास्त घे, पैसे वाचतील. तू मात्र कॉलेजला नेणार आणि वर्गात प्लग मिळेलच असं नाही. दुसरा तास संपेपर्यंत बॅटरी तुझ्या तोंडाकडे बघेल. एचएक्सवाले इंटेलही बॅटरीत काही फार हुशार नाहीत, पण अंगभूत ग्राफिक्समुळे कार्ड बंद ठेवता येतं. वजनाचाही विचार करून ठेव: सव्वादोन-अडीच किलोचं मशीन, वर त्याचा जाडजूड अ‍ॅडॉप्टर, आणि सकाळची मुलुंडच्या लोकलमधली गर्दी. बॅग पुढे लटकवून उभं राहायची सवय असेल तर ठीक.

आता रॅम. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण प्रोसेसरवर लोक रात्र-रात्र वाद घालतात आणि रॅमबद्दल "१६ आहे ना, झालं" म्हणून मोकळे होतात.

किती हवी? ८ जीबी आता गेमिंगसाठी मोजूच नये. सायबरपंकच्या अधिकृत गरजांत किमान १२ आणि शिफारस १६ जीबी आहे. हॉगवर्ट्‌स लेगसी किमानच १६ मागतो. फ्लाइट सिम्युलेटर २०२४ ची शिफारस ३२ आहे. तुझ्या तीन गेमना १६ पुरते. अडचण गेमच्या मागे उघड्या राहिलेल्या गोष्टींची असते: क्रोमच्या तीस टॅब, डिस्कॉर्ड, व्हीएस कोड आणि त्यात एखादा अँड्रॉइड एम्युलेटर. तेव्हा १६ भरते, विंडोज एसएसडीवर सामान हलवायला लागतं आणि गेम मधेच अडखळतो. सरासरी एफपीएस चांगला दिसतो, पण वळताना गचके बसतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर "कमिटेड" म्हणून आकडा असतो. तुझं रोजचं सगळं उघडं ठेवून तो बघ. १६ च्या बराच वर जात असेल तर ३२ ची गरज खरी आहे. नुसतं "इन यूज" बघून घाबरू नकोस. रॅम जास्त असेल तर विंडोज जास्त वापरतं, ते त्याचं कामच आहे.

पण किती यापेक्षा कशी बसवली आहे, हे आधी बघ. एका स्टिकची वाट (चॅनेल) एकच. डीडीआर५ ४८०० ची एक स्टिक सेकंदाला ३८.४ जीबी वाहून नेते, दोन स्लॉटमध्ये दोन असतील तर ७६.८. आपल्याकडे विकले जाणारे कित्येक मॉडेल १६ ची एकच स्टिक घालून येतात, दुसरा स्लॉट मोकळा. कंपनीला ते सोयीचं, आणि पुढे वाढवणाऱ्यालाही बरं. पण तोपर्यंत प्रोसेसर अर्ध्या वाटेवर चालत असतो. सायबरपंकमध्ये कार्डच अडकलेलं असल्याने हे फार जाणवत नाही. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये जाणवतं, आणि सरासरीपेक्षा त्या अचानक खाली पडणाऱ्या फ्रेममध्ये जास्त जाणवतं. मक्स स्विच (कार्ड थेट स्क्रीनला जोडायची सोय) नसलेल्या लॅपटॉपमध्ये तर कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम अंगभूत ग्राफिक्समधून, म्हणजे याच रॅममधून, स्क्रीनवर जाते. तिथे एकच स्टिक आणखी नडते.

मग ८ च्या दोन घ्याव्यात का? इथे एक बारकावा आहे, तो दुकानात कुणी सांगत नाही. डीडीआर५ ची ८ जीबीची स्टिक हातात घेऊन बघ, तिच्यावर चारच चिप असतात. १६ च्या स्टिकवर आठ. लेबलवर ८ वाली "१आर एक्स १६" आणि १६ वाली "१आर एक्स ८" अशी लिहिलेली असते. चार रुंद चिपवाल्या स्टिकमध्ये आतले कप्पे, म्हणजे बँक ग्रुप, निम्मे असतात. त्यामुळे तोच वेग लिहिलेला असूनही ती थोडी हळू पडते. तरीही आज लगेच खेळायला बसणाऱ्याला ८ च्या दोन, १६ च्या एकीपेक्षा गेममध्ये साधारणपणे बऱ्या पडतात, वाट दुप्पट झाल्यामुळे. पण पुढे ३२ करायची झाली की त्या दोन्ही काढून बाजूला ठेवाव्या लागतात. १६ ची एक असेल तर तशीच दुसरी शेजारी बसवली की काम झालं. तुझ्यासारख्याला, जो वर्षाभरात वाढवणार हे दिसतंच आहे, त्याला १६ ची एक आणि मोकळा स्लॉट हे मी चांगलं मानतो.

१६ च्या शेजारी ८ टाकली तर? चालतं. १६ मधली ८ आणि नवी ८ मिळून १६ दोन वाटांवर चालते, उरलेली ८ एका वाटेवर. हात तंग असेल तर हा मधला मार्ग वाईट नाही, फक्त वेग दोघांतल्या हळू स्टिकचा राहतो.

वेगाच्या आकड्यामागे धावू नकोस. १३४५०एचएक्सला इंटेलने डीडीआर५ ४८०० पर्यंतच मान्यता दिली आहे. ५६०० ची स्टिक बसेल, पण ४८०० वरच धावेल. बाजारात ५६०० सहज मिळते आणि किंमत सारखी असेल तर घे, जास्त पैसे देऊ नकोस. ६४०० ची, आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांची पट्टी लावलेली मॉड्यूल डेस्कटॉपची असते, लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये जातही नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ चीही तीच गत: लॅपटॉपच्या डीडीआर४ ला २६० पिन, डीडीआर५ ला २६२, आणि मधली खाच वेगळ्या जागी. जुन्या लॅपटॉपची काढून यात घालता येत नाही.

लोकांचा आणखी एक गैरसमज: "कार्ड ६ जीबीचंच आहे, मग रॅम ३२ करू, भरून निघेल." नाही निघत. कार्डाची मेमरी भरली की उरलेलं टेक्श्चर मुख्य रॅममध्ये ठेवलं जातं, ते खरं. पण तिथून आणायची वाट पीसीआयईची (कार्डाला बाकी मशीनशी जोडणारी), या कार्डांना ती सेकंदाला सुमारे १६ जीबीची. कार्डाची स्वतःची मेमरी १९२ ने चालते. बारा पट हळू वाटेवरून सामान आणायचं म्हटल्यावर गेम अडखळणारच, रॅम ६४ असली तरी. म्हणूनही ८ जीबीवालं ४०६० घे म्हणतोय.

आता पैशाचं. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर डोळे झाकून म्हणालो असतो, रॅम नंतर टाक, स्वस्त होत जाते. २०२५ च्या शेवटापासून ते गणित उलटलं. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी एवढी लागते आहे की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावाने सामान्य गिऱ्हाइकाला विकायचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव असे चढले की लॅमिंग्टन रोडला सकाळी सांगितलेली किंमत संध्याकाळी पुन्हा विचारून घ्यावी लागते. त्यामुळे दुकानदार ३२ आत्ताच करून घे म्हणतो तेव्हा तो तुला फसवतोच आहे असं समजू नकोस. फक्त असं कर: त्याने सांगितलेली ३२ ची वाढीव रक्कम, आणि बाजारात तशीच १६ ची एक स्टिक सुटी घेतल्यावर पडणारी रक्कम, दोन्ही त्याच दिवशी लिहून काढ. कंपनीतूनच ३२ बसून आलेलं मॉडेल थोडक्या फरकात मिळत असेल तर घेऊन टाक, संपूर्ण मशीनला एकच वॉरंटी राहते. दुकानाने आपल्याकडची स्टिक टाकून "३२ वालं" म्हणून विकलं असेल, तर त्या स्टिकची वॉरंटी वेगळी आणि बिलावर तिची वेगळी ओळ हवी.

मोकळा स्लॉट आहे हे गृहीत धरू नकोस. काही पातळ, सुबक गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तपशिलात एलपीडीडीआर५एक्स असं लिहिलेलं दिसलं की समज. तिथे जन्मात वाढवता येत नाही. अशा मशीनमध्ये १६ घेणं म्हणजे चार वर्षांचा निर्णय एका दिवसात घेणं, तिथे मात्र ३२ च घ्यावी. तुझ्या यादीतले दोन्ही एचएक्स त्यातले वाटत नाहीत, तरी त्या नेमक्या मॉडेल क्रमांकाची पीडीएफ कंपनीच्या साइटवरून उतरवून बघ. एकाच नावाखाली पाच-सहा प्रकार असतात.

दुकानात मशीन चालू केल्यावर टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली "स्लॉट्स यूज्ड" समोर "१ ऑफ २" असेल तर एक मोकळा. वेगही तिथेच दिसतो. सीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर ने, त्याच्या मेमरीच्या पानावर एका स्टिकला "२ एक्स ३२-बिट" आणि दोन स्टिकला "४ एक्स ३२-बिट" दिसतं. डीडीआर५ मध्ये एका स्टिकच्याच दोन उपवाटा असतात म्हणून असं. "ड्युअल चॅनेल आहे साहेब" असं सांगून "२ एक्स" दाखवणारं मशीन निघालं तर सरळ जाब विचार.

पुढे स्टिक स्वतः बसवायची असेल तर अवघड काही नाही. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. मागचं झाकण उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. स्टिक तिरकी, साधारण तीस अंशांत आत सरकवायची, सोनेरी कडा जवळपास दिसेनाशी झाली पाहिजे, मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या धातूच्या क्लिप टक्‌ करून बसल्या की झालं. मुंबईच्या दमट हवेत स्टॅटिकची भीती उत्तरेतल्या हिवाळ्याएवढी नाही, घामाची बोटं मात्र त्या सोनेरी पट्टीला लावू नकोस. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन मिनिटभर, कधी त्याहून जास्त, काळीच राहते. डीडीआर५ नव्या स्टिकशी जुळवून घेत असते. बरेच जण घाबरून तेव्हाच पॉवर बटण दाबून धरतात. थांबायचं. झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, याचं धोरण कंपनीप्रमाणे वेगळं असतं, म्हणून खरेदीच्या आधीच ग्राहकसेवेला ईमेल करून लेखी उत्तर घेऊन ठेव.

खरेदीचं थोडं. लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाण्यासारखा. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक दुकानं बंद असतात. आठवड्यातल्या दिवशी दुपारी जा, दुकानदाराकडे बोलायला वेळ असतो. ऑनलाइन कार्डाची सूट आणि दुकानातला रोखीचा भाव दोन्ही समोर ठेव, आणि रोख दिलेस तरी जीएसटीचं पक्कं बिल घे. बिलावर लॅपटॉपचा सीरियल नंबर असलाच पाहिजे. तोच नंबर तिथेच उभ्या उभ्या कंपनीच्या साइटवर टाक: वॉरंटी कधीपासून सुरू झाली आणि कारखान्यातून रॅम किती व प्रोसेसर कोणता निघाला, बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर हे दिसतं. वॉरंटी चार महिन्यांपूर्वी सुरू झालेली दिसली तर ते मशीन आधी कुठेतरी विकलं किंवा मांडलं गेलं होतं, मग भाव त्याप्रमाणे कर किंवा दुसरा सीलबंद खोका मागव. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच सायबरपंक तासभर सलग चालव, चार्जर लावून, खोलीतला एसी बंद ठेवून. तापमान आणि कार्डाची वॅट पडताळायला हीच वेळ, कारण बदलून घ्यायची मुदत फार थोड्या दिवसांची असते.